वळवाची हुलकावणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वैशाख सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो आणि एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जाऊ लागतो : इशारा होता, उकाडा होता, ढगही आले होते, मग वळीव का पडला नाही? या अंकासाठी निवडलेली पत्रे बहुतेक अशा वाचकांची आहेत, जे अंगणात किंवा गच्चीवर तापमापक आणि पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करतात. त्यांच्या प्रश्नांना वरवरचे उत्तर देणे त्यांच्या मेहनतीला शोभणारे नाही, म्हणून काही उत्तरे थोडी लांबली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दोन तापमापक आहेत. एक कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला ओले मलमल गुंडाळलेले आहे. मे महिन्यात एके दिवशी पुणे जिल्ह्यासाठी मेघगर्जनेसह पावसाचा पिवळा इशारा होता. सकाळी साडेआठला कोरडा तापमापक २९ आणि ओला २२ अंश दाखवत होता. दुपारी तीनला कोरडा ३९.५ वर गेला आणि ओला २१ वर आला. त्या सुमारास नैर्ऋत्येला तीन-चार ढग मनोऱ्यासारखे उंच वाढले, पण प्रत्येक ढग अर्ध्या तासात विरून गेला. रात्री साडेनऊला कोरडा ३१ आणि ओला २२ होता, पश्चिमेचा वारा सुटला होता आणि आकाश निरभ्र होते. पर्जन्यमापकात थेंबही नाही. अंदाज कुठे चुकला?
(एक वाचक, बारामती)

उत्तर : आपण ओल्या तापमापकाची नोंद ठेवलीत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी देता येते. कोरड्या आणि ओल्या तापमानावरून दवबिंदू काढता येतो, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड झाली तर तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागेल ते तापमान. आपल्या सकाळच्या नोंदीवरून दवबिंदू सुमारे १९ अंश येतो आणि दुपारच्या नोंदीवरून तो सुमारे ११ अंश येतो. दुसऱ्या शब्दांत, सकाळी आपल्या अंगणातल्या एक घनमीटर हवेत साधारण १६ ग्रॅम बाष्प होते आणि दुपारी ते साधारण ९ ग्रॅमवर आले. पाऊस ज्या मालातून तयार व्हायचा, तो मालच साडेसहा तासांत जवळपास निम्म्यावर आला होता.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण अनेक हौशी निरीक्षक येथे फसतात. दुपारी सापेक्ष आर्द्रता कमी होते हे सगळ्यांना ठाऊक असते आणि ती तापमान वाढल्यामुळे कमी झाली, असे समजून आपण पुढे जातो. आपल्याकडे ती सकाळी सुमारे ५५ टक्के आणि दुपारी सुमारे १८ टक्के असणार. परंतु बाष्प तेवढेच राहून फक्त तापमान वाढले असते, तर दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास राहिली असती. तीस आणि अठरा यांच्यामधला हा फरक तापमानाचा नसून हरवलेल्या बाष्पाचा आहे. म्हणून वळवाच्या दिवसांत आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदूची नोंद अधिक बोलकी असते.

हे बाष्प गेले कुठे? मे महिन्यात पठारावरची जमीन तापते तेव्हा तिच्यालगतची हवा वर उठते आणि वरची हवा खाली येऊन तिच्यात मिसळते. हे घुसळण दुपारपर्यंत दोन-तीन किलोमीटर, कधी त्याहूनही उंच जाते. त्या उंचीवर वायव्येकडून आलेली, राजस्थान आणि मध्य भारताच्या तापलेल्या भूभागावरची कोरडी हवा असेल, तर सकाळी जमिनीलगत साचलेले बाष्प तिच्यात पसरून विरळ होते. सकाळचा घामट उकाडा दुपारी कोरड्या झळांमध्ये बदलतो, तो यामुळेच.

याचा परिणाम ढगांवर कसा होतो, हे साध्या गणिताने पाहता येते. वर उठणारी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच जातो, असा ठोकताळा आहे. आपल्याकडे हा फरक २८.५ अंश होता, त्यामुळे तळ जमिनीपासून साडेतीन किलोमीटरवर गेला. दवबिंदू १९ वरच टिकला असता, तर तोच तळ अडीच किलोमीटरवर राहिला असता. बाष्पीभवनात खर्च झालेली उष्णता बाष्पाचे पाणी होताना परत मिळते आणि ढगाला वर रेटण्याचे इंधन तीच असते. तळ जितका उंच आणि बाष्प जितके कमी, तितके इंधनही कमी.

आता आपण पाहिलेल्या मनोऱ्यांकडे येऊ. ढग वाढला म्हणजे तो वादळी होणारच, असे नाही. वर चढणारा प्रवाह आजूबाजूची हवा सतत आत ओढत असतो. ती कोरडी असेल, तर ढगातले जलकण तिच्यात वाळतात, वाळताना हवा थंड होते आणि थंड हवा जड होऊन खाली बसते. अरुंद मनोरा या माऱ्यापुढे टिकत नाही. रुंद मनोऱ्याचा गाभा मात्र कोरड्या हवेपासून सुरक्षित राहतो आणि तोच पुढे माथ्यावर पसरून ऐरणीचा आकार घेतो. आपले ढग एकापाठोपाठ एक अर्ध्या तासात विरले, याचा अर्थ वर उठण्याची प्रेरणा होती, पण तिला पुरेसे बाष्प मिळाले नाही.

याशिवाय एक झाकणही असू शकते. दीड-दोन किलोमीटर उंचीवर खालच्या हवेपेक्षा उष्ण असा थर पसरलेला असला, तर त्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वर येणारी हवा त्या थराला टेकली की आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरते आणि थांबते. हौशी मंडळी ‘केप’चा आकडा पाहून, तो दोन हजार ज्यूलच्या वर असला की आज पाऊस ठरलेलाच, असे समजतात. केप म्हणजे झाकण फुटल्यानंतर मिळू शकणारी ऊर्जा. झाकण फुटेल की नाही हे, झाकण किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या ‘सिन’ या दुसऱ्या आकड्यावर आणि खालून मिळणाऱ्या धक्क्यावर ठरते. पठारावर हा धक्का सह्याद्रीच्या उतारांकडून, खंडित वाऱ्यांच्या (म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे वारे जिथे भेटतात त्या) पट्ट्याकडून, समुद्रावरून घाट चढून येणाऱ्या हवेकडून किंवा शेजारच्या वादळातून बाहेर पडलेल्या गार वाऱ्याकडून मिळतो. हवेच्या वरच्या थरांची मोजणी करणारे फुगे दिवसातून दोनदा, भारतीय वेळेनुसार साधारण सकाळी आणि सायंकाळी साडेपाचला सोडले जातात. त्यामुळे पहाटे घेतलेले माप आणि दुपारी तीनची हवा यांच्यामध्ये जे काही घडते, ते अंदाज देणाऱ्यालाही बरेचसे अनुमानानेच धरावे लागते. त्या दिवशी सकाळी १९ अंश दवबिंदू पाहून इशारा देणे योग्यच होते. दुपारचे घुसळण अपेक्षेपेक्षा खोल गेले आणि बारामती परिसरात तो खरा ठरला नाही.

आपल्या रात्रीच्या नोंदीविषयी शेवटी लिहितो, कारण ती या पत्रातली मला सर्वाधिक मोलाची वाटणारी नोंद आहे.

प्रश्न : आमच्या गावात थेंब पडला नाही, पण सहा किलोमीटरवरच्या गावात गारांनी कलिंगडे फोडली. मग इशारा खरा म्हणायचा की खोटा? आणि पिवळ्या इशाऱ्याचा नेमका अर्थ काय?
(एक शिक्षिका, शिरूर तालुका)

उत्तर : आपल्या गावापुरता तो फोल ठरला आणि जिल्ह्यापुरता खरा ठरला. दोन्ही विधाने एकाच वेळी बरोबर आहेत. वादळी ढगाचा एक पेशीसारखा घटक पाच ते दहा किलोमीटर रुंद असतो आणि त्याचे आयुष्य तासाभराच्या आसपास असते. दहा किलोमीटर व्यासाचा ढग सुमारे ८० चौरस किलोमीटर जमीन झाकतो. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६०० चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे असा एक ढग एका वेळी जिल्ह्याच्या जेमतेम दोनशेव्या भागावर असतो. तो सरकत चाळीस किलोमीटर गेला, तर त्याची वाट चारशे चौरस किलोमीटर होते. अशी पाच वादळे एका दुपारी आली तरी जिल्ह्याचा जेमतेम आठवा हिस्सा भिजतो आणि बाकीचे सात हिस्से हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडतात.

हवामान खात्याच्या भाषेत हे गणित आधीच मांडलेले असते, पण बातमीत ते बहुधा गळून पडते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. मे महिन्यातल्या बहुतेक इशाऱ्यांत पहिलाच शब्दप्रयोग असतो. रंगांचा अर्थ वेगळा आहे. पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’ असे सांगतो, नारिंगी ‘तयारीत राहा’ असे आणि लाल ‘आता कृती करा’ असे. ‘तुमच्या गावी पाऊस पडेल’ हे यांपैकी कोणत्याच रंगात लिहिलेले नसते.

आपल्या गावाबाबत आणखी एक शक्यता विचारात घ्यावी. शेजारच्या गावात पाऊस कोसळला, तेव्हा त्या वादळातून गार हवेचा लोंढा जमिनीलगत चोहीकडे पसरला असणार. तो आपल्या गावावरून गेला असेल, तर जमिनीजवळची तापलेली हवा उचलली जाऊन त्या जागी गार, जड हवा आली आणि आपल्या डोक्यावर नवा ढग उभा राहण्याची शक्यता त्या संध्याकाळपुरती मावळली. याच लोंढ्याने दहा-वीस किलोमीटर पुढे जाऊन दुसऱ्या ठिकाणी नवा ढगही उभा केला असेल. वारा कोणत्या दिशेने आला, तो एकदम गार झाला का आणि किती वाजता, एवढे लिहिलेत तर पुढच्या वेळी हे ताडून पाहता येईल.

प्रश्न : मुंबईच्या रडारच्या चित्रात लाल आणि नारिंगी ठिपके नाशिकच्या अगदी जवळ आलेले दिसले. आम्ही वाळवण आवरले, गच्चीवरून सामान खाली आणले, पण चार थेंबही पडले नाहीत. रडारसुद्धा चुकते का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : रडारने जे पाहिले ते खरेच होते, फक्त ते आपल्या गच्चीच्या बरेच वर होते. रडारची किरणशलाका सर्वांत खालच्या कोनातही किंचित वरच्या दिशेने निघते आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने अंतर वाढते तशी ती जमिनीपासून दूर जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली शलाका मुंबईहून नाशिकपर्यंतचे सुमारे १४५ किलोमीटरचे हवाई अंतर कापते, तोवर ती रडारच्या पातळीपेक्षा सुमारे अडीच किलोमीटर उंच गेलेली असते. नाशिक स्वतः पावणेसहाशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये काय चालले आहे, हे त्या रडारला दिसतच नाही. त्यात मध्ये सह्याद्री आडवा येतो, ती अडचण आणखी वेगळी. अडीचशे किलोमीटरवर तर शलाका जवळपास सहा किलोमीटर उंच गेलेली असते.

त्या न दिसणाऱ्या दोन किलोमीटरमध्येच आपला पाऊस वाळला. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असेल, तर थेंब पडता पडता वाफ होतात. संध्याकाळी उन्हाच्या तिरिपेत ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीला न टेकताच संपतात. तो असा हवेतच आटलेला पाऊस.

आपण कोणते चित्र पाहिलेत, हेही महत्त्वाचे आहे. रडारच्या ‘मॅक्स-झेड’ चित्रात प्रत्येक ठिकाणी, कोणत्याही उंचीवरचा, सर्वांत प्रबळ परावर्तनाचा आकडा रंगवलेला असतो. सात किलोमीटर उंचीवर गारा असतील आणि खाली काहीही नसेल, तरी तो ठिपका लालच दिसतो. जमिनीवर किती पाऊस पडतो आहे, याचा अदमास घ्यायचा असेल तर पृष्ठभागावरील पावसाच्या तीव्रतेचे चित्र पाहावे आणि ढग किती माजला आहे हे पाहायचे असेल तर मॅक्स-झेड पाहावे. शिवाय ठिपका ताशी तीस किलोमीटर वेगाने आपल्याकडे सरकतो आहे आणि अंतर तीस किलोमीटर आहे, म्हणून तासाभरात पाऊस, हे गणित ढग तेवढा वेळ जगला तरच बरोबर येते. एकट्या ढगाचे आयुष्यच तेवढे असते. चित्रांच्या मालिकेत ठिपक्याचा लाल गाभा मोठा होतो आहे की आक्रसतो आहे, हे त्याच्या वेगापेक्षा आधी पाहावे.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिलअखेरपासून रोज संध्याकाळी पूर्वेला, घाटमाथ्यावर विजा चमकताना दिसतात. हापूसची शेवटची काढणी चालू असते, म्हणून जीव टांगणीला लागतो. पण वादळ खाली उतरतच नाही. आणि मग मेच्या शेवटी एखाद्या रात्री अचानक उतरते. असे का?
(एक आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : घाटमाथ्यावरचे वादळ कोकणात उतरेल की देशावर जाईल, हे जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा तीन ते सहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यावर ठरते, कारण ढग त्या वाऱ्यांबरोबर सरकतो. एप्रिलमध्ये आपल्या अक्षांशावर त्या उंचीवर बहुधा पश्चिमेकडचे किंवा वायव्येकडचे वारे असतात. त्यामुळे सह्याद्रीच्या कण्यावर उभे राहिलेले ढग सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ढकलले जातात आणि आपल्याला त्यांची फक्त पाठ दिसते. मे सरता सरता वरच्या थरातला जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, त्याच्या दक्षिणेला पूर्वेकडचे वारे येऊ लागतात आणि मग तेच ढग घाट उतरून आपल्याकडे येतात.

उतरणाऱ्या ढगालाही कोकणात अडथळा असतो. दिवसभर वाहिलेल्या खाऱ्या वाऱ्यांमुळे किनारपट्टीवरची हवा दमट असली, तरी देशावरच्या हवेइतकी तापलेली नसते आणि तिच्यावर उष्ण थराचे झाकण असते. बाष्प मुबलक, पण उठाव नाही, अशी ही स्थिती असते. बारामतीच्या नेमकी उलटी. घाटावरून उतरणाऱ्या वादळाचा गार लोंढा रात्रीच्या मतलई वाऱ्याच्या जोडीने किनाऱ्याकडे निघाला आणि त्याने ती दमट हवा उचलून धरली, तर झाकण फुटते. असा मेळ रोज बसत नाही, म्हणून वादळ अचानक आल्यासारखे वाटते.

रात्री वीज शंभर किलोमीटरवरूनही दिसू शकते, पण गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपलीकडून ऐकू येत नाही. नुसती चमक दिसते आणि आवाज नाही, तोवर वादळ दूर आहे. चमक आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर दहा किलोमीटरवर आले, म्हणजे तीस सेकंदांत आवाज ऐकू आला, की झाडावर चढलेल्या माणसाला खाली बोलवा, झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) हातातून ठेवायला सांगा आणि सर्वांना पक्क्या छताखाली न्या. डोक्यावर पाऊस नाही, म्हणून वीज पडणार नाही, ही समजूत घातक आहे. पावसाच्या पट्ट्यापासून कित्येक किलोमीटर दूरही वीज पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. काढणीच्या दिवसांत ते मुकादमाच्या मोबाईलवर असायला हवे.

प्रश्न : इशारा पावसाचा होता, आला नुसता धुळीचा वारा. हा अंदाज फसलाच ना?
(एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. ते वादळच होते, फक्त त्याचे पाणी वाटेत आटले. पाऊस कोरड्या हवेत वाळतो तेव्हा ती हवा झपाट्याने थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून सोसाट्याच्या वाऱ्याच्या रूपाने पसरते. हवा जितकी कोरडी, तितका हा झोत जोरकस होऊ शकतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत आधी धूळ आणि वारा आला आणि त्या वाऱ्यात घाटकोपरचा महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे दगावली. त्या दिवशी प्राण घेतले ते वाऱ्याने. म्हणून पर्जन्यमापक कोरडा राहिला तरी वाऱ्याची वेळ, दिशा आणि पडलेल्या फांद्यांची जाडी आपल्या वहीत लिहावी. ‘काही झाले नाही’ असे लिहू नये.

प्रश्न : मी बेदाणा तयार करतो. इशारा आला की शेडवर कागद ओढायला आणि माल झाकायला मजूर लावावे लागतात. या हंगामात चारदा झाकले, एकदाच पाऊस आला. चारपैकी तीनदा फसणाऱ्या अंदाजावर खर्च का करावा?
(एक द्राक्ष उत्पादक, तासगाव)

उत्तर : आपली नाराजी मला समजते. ज्याच्या खिशातून मजुरी जाते, त्याला ‘अंदाज म्हणजे शक्यता’ हे वाक्य ऐकवून भागत नाही. म्हणून हिशेबच मांडू. समजा, एकदा झाकायला दोन हजार रुपये लागतात आणि न झाकता पाऊस आला, तर काळवंडलेल्या मालामुळे चाळीस हजारांचे नुकसान होते. दोन हजाराला चाळीस हजाराने भागले की पाच टक्के येतात. पाऊस येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून अधिक असेल त्या प्रत्येक दिवशी झाकणे फायद्याचे ठरते. आपला अनुभव चारात एकदा पाऊस, म्हणजे पंचवीस टक्के असा आहे. चार वेळा झाकायला आठ हजार गेले आणि एकदा चाळीस हजार वाचले.

परंतु हेच गणित दुसऱ्या बाजूनेही वाचावे. एखाद्याचे झाकण्याचे काम पाच हजारांचे आणि संभाव्य नुकसान दहा हजारांचे असेल, तर त्याने पन्नास टक्क्यांहून कमी शक्यतेच्या इशाऱ्यावर खर्च करू नये आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही. एकच इशारा दोन शेतकऱ्यांसाठी वेगवेगळा निर्णय सुचवतो, म्हणून आपला आकडा आपणच काढावा लागतो. सकाळच्या इशाऱ्यावर मजुरांना फक्त सांगून ठेवावे आणि प्रत्यक्ष झाकण्याचा निर्णय हवामान खात्याच्या पुढील तीन तासांच्या तातडीच्या अंदाजावर आणि पश्चिमेच्या क्षितिजावर घ्यावा. तसे केल्यास तीनपैकी निदान एखादी फुकटची फेरी वाचू शकेल.

प्रश्न : मोबाईलमधल्या ॲपवर दुपारी चारला ८० टक्के पाऊस दिसतो आणि तीन वाजता तो २० होतो. हा आकडा येतो कुठून?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अशा आकड्यांमागे बहुधा जागतिक संगणकीय प्रारूपे असतात. ती पृथ्वीवर चौकटींचे जाळे टाकतात आणि प्रत्येक चौकटीसाठी एक सरासरी हवा गृहीत धरून गणित करतात. भारतात वापरले जाणारे असे एक प्रारूप बरीच वर्षे सुमारे साडेबारा किलोमीटरच्या जाळ्यावर चालत होते आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’चे जाळे सहा किलोमीटरचे आहे. वळवाचा ढगच पाच-दहा किलोमीटरचा असल्याने तो अशा जाळ्यातून निसटतो किंवा पुसट दिसतो. त्या जागी ‘या चौकटीत ढग व्हायला हवेत’ असा ठोकताळा वापरावा लागतो. नवी निरीक्षणे आली की गणित पुन्हा होते आणि आकडा उडी मारतो. मान्सूनच्या सर्वदूर पावसात हा दोष झाकला जातो, वळवाच्या विखुरलेल्या पावसात उघडा पडतो.

प्रश्न : मला यंदापासून नोंदी सुरू करायच्या आहेत. महागडी यंत्रे परवडणार नाहीत. काय आणि केव्हा लिहावे?
(एक वाचक, धाराशिव)

उत्तर : दोन साधे तापमापक, एक स्वच्छ मलमलची पट्टी, उकळून गार केलेले पाणी आणि सरळ भिंतींचा रुंद तोंडाचा डबा एवढे पुरते. तापमापक सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर टांगावेत. पत्र्याखाली किंवा भिंतीला चिकटवून टांगू नयेत. मलमल मळली की ओले तापमान चुकीचे येते, म्हणून ती दर आठवड्याला बदलावी. पावसाची मोजणी सकाळी साडेआठला करावी, कारण वेधशाळांचा दिवस त्याच वेळी संपतो आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो.

वेळा चार असाव्यात : सकाळी साडेआठ, दुपारी बारा, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ. दोन्ही तापमाने, वाऱ्याची दिशा आणि ढगांचे वर्णन लिहावे. सकाळीच मध्यम उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखी लहान लहान टोके असलेले ढग दिसले, तर ते मुद्दाम नोंदवावेत, कारण वरच्या थरातली हवा अस्थिर असल्याची ती खूण असते. आणि इशारा असूनही पाऊस आला नाही, त्या दिवसाला वहीत पूर्ण पान द्यावे. पावसाचे दिवस सगळेच लिहितात. ढग का उभा राहिला नाही, हे मात्र कोरड्या दिवसांची पाने एकमेकांशेजारी ठेवल्यावरच दिसू लागते.

रात्री साडेनऊची नोंद कंटाळा करून टाळू नये. ती किती सांगते, हे पाहण्यासाठी बारामतीच्या वाचकांच्या त्या शेवटच्या ओळीकडे पुन्हा यावे. दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत कोरडे तापमान साडेआठ अंशांनी उतरले, पण ओले तापमान उतरण्याऐवजी एका अंशाने चढले. त्यावरून दवबिंदू ११ वरून पुन्हा १८ अंशांवर गेलेला दिसतो आणि वारा पश्चिमेचा होता. समुद्रावरची दमट हवा घाट चढून बारामतीत पोहोचली होती. तिची वाट पाहणारे ढग तोवर विरले होते आणि जमीन निवू लागली होती, म्हणून त्या दिवशी तिचा उपयोग झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गेले असतील, तेव्हा त्यांच्या तापमापकांभोवती तीच हवा असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ओला तापमापक काय दाखवत होता, हे त्यांनी जरूर कळवावे.